भांग लागला

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र अजून जशीच्या तशी आठवते, आणि तीही एका शब्दाच्या लिंगामुळे. व्याकरणातून उलगडलेला दुसरा गुन्हा मला माहीत नाही. खरं म्हणजे हाही गुन्हा नव्हता, पण ते कळेपर्यंत आम्ही पोलिसांनी तो बऱ्यापैकी वाढवून ठेवला होता.

मी तेव्हा पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शहरात सॉफ्टवेअरच्या कंपन्या नुकत्या स्थिरावत होत्या. तरुण माणसं पट्ट्याला मोबाइल फोन लावून हिंडत, आणि पूर्वी बंदुकीच्या परवान्याने यायचा तो ताठा आता त्या फोनने येत असे. अशाच एका कंपनीतले एक मोठे अधिकारी एका सकाळी ठाण्यात आले. म्हणजे त्यांच्याबद्दलचे फोन आधी आले, मग ते आले. वय पस्तिशीचं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळे जागरणाने लाल.

"सर, माझे फादर मिसिंग आहेत."

वडील खडकीच्या कारखान्यातून यंत्रकामगार म्हणून निवृत्त झालेले. पत्नी वारल्यावर बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. मुलगा नव्या वस्तीत, बायको-मुलीसह. काळजीचं कारण खरं होतं. वडिलांच्या हृदयाची बायपास ठरली होती, तारीख पंधरवड्यावर आली होती आणि डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती.

मिसिंगची नोंद घेताना आमचा ठाणे अंमलदार ठरलेले प्रश्न विचारतो. उंची, वर्ण, बांधा, अंगावरचे कपडे. मुलाने उत्तरं दिली. कपड्यांपाशी तो अडला आणि म्हणाला, "बहुतेक पांढरा शर्ट." सगळे मुलगे हेच सांगतात.

मी स्वतः घर पाहायला गेलो. दूधवाल्याला 'दूध नको' सांगून ठेवलेलं, गॅसची टाकी बंद, खिडक्या लावलेल्या. औषधांचा डबा रिकामा होता. त्यावरून मला जरा धीर आला. जीव द्यायला निघालेला माणूस रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर नेत नाही. ज्याला परत यायचं असतं तोच त्या नेतो. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसला.

खबर आली ती समोरच्या दारातून. तिथे मराठीचे एक निवृत्त शिक्षक राहत. ते दुसऱ्या दिवशी ठाण्यात आले, खुर्ची रुमालाने पुसली आणि बसले.

"निरीक्षकसाहेब, आमच्या शेजाऱ्यांकडे अमली पदार्थांचा व्यवहार चालत असे. मी लेखी द्यायला तयार आहे."

"आपण काय पाहिलंत?"

"पाहिलं नाही, ऐकलं. एक दाढीवाला गृहस्थ येत असे. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी हे त्याला म्हणाले, 'धायरीचं काम उरकलं. आता भांग लागला की तांडेल म्हणेल त्या दिवशी निघायचं.' शब्दशः सांगतोय."

"दाराला कान लावून ऐकलंत?"

"दार त्यांचं आहे. जिना सोसायटीचा आहे."

मी मान्य केलं. ते उठताना पुन्हा म्हणाले, "आणि भांग लागला म्हणे. लागला. भांग स्त्रीलिंगी आहे. नशेपायी माणसाचं व्याकरणही जातं ते असं."

माझा फौजदार नवा आणि उत्साही होता. 'भांग' आणि 'तांडेल' हे दोन शब्द मिळताच त्याचे डोळे चमकले. तांडेल नावाचा गुन्हेगार आमच्या रेकॉर्डवर नव्हता. तेवढ्यावरून तो फार हुशार असावा असा निष्कर्ष निघाला. त्याची चौकशी करणारे बिनतारी संदेश चार जिल्ह्यांत गेले. वरिष्ठांपर्यंत जाईतो तांडेल हा आंतरराज्य टोळीचा म्होरक्या झाला होता, आणि आमच्या हृदयरोगी म्हाताऱ्याला त्याने माल वाहून नेण्यासाठी पळवलं होतं. मुलाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो माझ्यासमोर टेबलावर डोकं टेकून बसला. "सर, माझे बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी त्याने फोन बंद करून ठेवला होता.

धायरी तेव्हा निम्मं गाव होतं. फौजदाराने तिथून एका शेतकऱ्याला आणलं. त्याची बंद पडलेली कोंबड्यांची शेड दोन म्हाताऱ्यांनी दोनेक वर्षं भाड्याने घेतली होती. शेडमध्ये भुसा, रोगणाचा वास आणि पडलेली एक भिंत, एवढंच सापडलं होतं. फौजदाराने तासभर विचारूनही शेतकरी बोलला नव्हता.

मी चहा मागवला. खोटं बोलणारा माणूस बहुधा तुमच्या डोळ्यांत पाहतो, पटलं की नाही हे त्याला जोखायचं असतं. हा जमिनीकडे पाहत होता. कोणाला तरी शब्द दिलेला माणूस असा बसतो.

"शेडमध्ये काय चालायचं?"

"सुतारकाम."

"कसलं?"

"ते सांगायचं न्हाई असं ठरलंय सायेब. म्हातारा म्हनला, पोराला कळलं तर पोरगं आडवं येईल. मी व्हय म्हनलो."

"भिंत कोणी पाडली?"

इथे त्याला हसू आवरेना. "त्येंनीच. आत तयार क्येलं आन् भायेर निघंना. दार ल्हान पडलं."

कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मापं घेत ज्यांचा जन्म गेला, ते दोघे दार मोजायला विसरले होते. मी कप खाली ठेवला. दारातून न निघणारी, लाकडाची, रोगण लावलेली वस्तू. आणि एकदम मला त्या शिक्षकांचं शेवटचं वाक्य आठवलं. त्यांनी बाकी काही चुकीचं ऐकलं असेल, पण ज्याने आयुष्यभर पोरांची लिंगं आणि वचनं लाल शाईने दुरुस्त केली तो 'लागली'चं 'लागला' ऐकणार नाही. म्हणजे म्हातारा 'लागला' असंच म्हणाला होता. मराठीत पुल्लिंगी भांग एक डोक्यावर असतो. दुसरा शाळेच्या भूगोलात, चंद्राच्या आकृतीखाली: उधाणाची भरती आणि भांगाची भरती. भांगेची नव्हे, भांगाची. अष्टमीच्या सुमाराचं ते मंद पाणी. आम्ही घाटावरच्या पोरांनी ते पाठ केलं होतं, पाहिलं कोणीच नव्हतं.

आणि तांडेल हे नाव नव्हतंच. होडी हाकणाऱ्या मुख्य माणसाला कोकणात तांडेल म्हणतात.

"होडी होती का हो?" मी विचारलं.

शेतकऱ्याने सुस्कारा सोडला. "मी न्हाई सांगितलं. तुमीच म्हनलात."

पुढचं त्याने आनंदाने सांगितलं. दाढीवाला गृहस्थ म्हणजे म्हाताऱ्याचा कारखान्यातला जोडीदार, मूळचा बाणकोटच्या खाडीकाठचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या तांडेल, म्हणून म्हातारा त्याला तोंडावरही तांडेलच म्हणे. डब्याच्या सुट्टीत तो समुद्राच्या गोष्टी सांगे आणि दुसरा ऐके. निवृत्तीनंतर शिडाची होडी बांधायची आणि खाडी-खाडी करत किनाऱ्याने दक्षिणेला जायचं, असं दोघांचं ठरलं होतं. होडी ट्रकमधून घाटाखाली गेली होती.

मी टोळी रद्द केली. वरिष्ठांना फोनवर लिंगभेद समजावून सांगणं हा माझ्या नोकरीतला कठीण प्रसंग होता. त्यानंतर किनाऱ्यावरच्या ठाण्यांना नवा संदेश पाठवला: शिडाची लहान होडी, दोन वृद्ध इसम, ताब्यात घेऊ नये, फक्त कळवावे.

जी उत्तरं आली ती मी मुलाला वाचून दाखवली. पोलिसी भाषेत सहसा माया नसते, पण या संदेशांत ती कुठून तरी शिरली होती. सदर इसम वेळासच्या किनाऱ्यावर उतरले, सुरूच्या बनात भात शिजवून खाल्ला. सदर इसम केळशीस देवीच्या दर्शनास गेले, नंतर वाळूच्या टेकडीवर बराच वेळ बसले होते. त्यांनी शाळेच्या मुलांस होडीत बसविले. प्रकृती उत्तम दिसली. एका हवालदाराने तर शेवटी लिहिलं होतं, 'इसम आनंदी आहेत.' मुलाने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला.

शेवटचा संदेश आंजर्ल्याहून होता. हद्दीबाहेर जाण्याची परवानगी मला लगेच मिळाली. मोठ्या लोकांच्या ओळखीचा असाही उपयोग असतो. मुलाच्या गाडीतून आम्ही निघालो. घाट उतरेपर्यंत तो तारीख, डॉक्टर, हॉस्पिटल हेच बोलत होता. मंडणगड मागे पडल्यावर त्याने काच खाली केली.

आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूवर होडी तिरकी टेकली होती. एक दाढीवाला, पोत्यासारखा जाड माणूस शीड वाळत घालत होता, तोच तांडेल. दुसरा हाफ पँटमध्ये, उघडा, होडीच्या कडेला तेल चोपडत होता. उन्हाने करपलेला. वडिलांना ओळखायला मुलाला एक क्षण लागला.

"अरे, तू? आणि ऑफिस?"

"बाबा, ऑपरेशन आहे तुमचं."

"आहे ना. ठाऊक आहे. दाभोळपर्यंत जाऊन परत फिरणार आहोत."

"आणि मध्ये काही झालं म्हणजे? पाण्यात?"

"टेबलावर काही झालं तर चालेल का तुला?"

म्हाताऱ्याने हातातली चिंधी खाली ठेवली.

"मी पळालो नाही रे. टेबलावर झोपणार आहे, कबूल केलंय. पण डॉक्टरने माझी सही घेतली. काय काय होऊ शकतं, ते सगळं त्यात लिहिलेलं. सही केली आणि घरी येताना वाटलं, होडी तर तयार आहे. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि तुझं बरोबरच असतं. म्हणून नाही सांगितलं."

"समुद्रावर दम लागत नाही हो याला," तांडेल म्हणाला. "दम जिन्यावर लागतो. तिसरा मजला घेऊन ठेवलाय कोणी?"

"मीच," मुलगा म्हणाला.

"मग गप ऱ्हावा."

मी माझं काम केलं. म्हाताऱ्याचा जबाब घेतला: मी सज्ञान असून स्वखुशीने गेलो होतो, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्याने होडीच्या आडव्या फळीवर कागद ठेवून, चष्मा लावून, वळणदार सही केली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं. सापडलेल्या माणसाला घरी नेण्याचा अधिकार मला नव्हता, आणि मुलाला होता की नाही हे कुठल्या कलमात लिहिलेलं नाही.

मुलगा पाण्याकडे पाहत उभा होता. मग त्याने विचारलं, "दाभोळ किती लांब?"

"ते वाऱ्याला विचारा," तांडेल म्हणाला. "पहाटे जमिनीवरनं मतलई सुटला तर उद्या दुपारी."

"तिघं मावतील?"

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं, मग तांडेलाकडे. "मावतील का रे?"

"बूट काढले तर मावतील."

मुलाने बूट काढले, मोजे आत कोंबले, गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि सगळं माझ्या हातात दिलं. वर फोनही दिला. "सर, ऑफिसचा आला तर सांगाल?" काय सांगायचं ते त्याने सांगितलं नाही. मी परतताना घाटाच्या पायथ्याशी फोनला रेंज मिळाली आणि तो वाजला. पलीकडून एका बाईंनी इंग्रजीत साहेबांची चौकशी केली. मी म्हणालो, साहेब वडिलांबरोबर आहेत. त्यांनी मराठीत विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हणालो, ठीक.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. कामाचा संबंध नव्हता. मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. नाकाची सालं निघालेली, दोन्ही तळहातांना दोराचे फोड. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, "सर, बाबांना पोहता येत नाही. मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. तिथे त्यांनी हसत हसत सांगितलं." मग म्हणाला, "मलाही येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं."

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि सगळं नीट झाल्याचं सांगितलं. मुलगा उभा राहिला, काहीतरी विचारायचं म्हणून तोंड उघडलं, आणि परत खाली बसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. फोड आलेल्या हातांनी त्याला डोळे पुसता येत नव्हते.

पोलीस म्हणून मी पुष्कळ माणसं शोधून त्यांच्या घरच्यांच्या स्वाधीन केली. पोच घेतली की आमचं काम संपतं, आणि त्यापुढे काय होतं ते आम्ही विचारत नाही. आंजर्ल्यानंतर मी एवढाच बदल केला, की माणूस सापडला की लगेच गाडीत बसवायची घाई केली नाही. आधी त्याला आणि न्यायला आलेल्याला थोडा वेळ तिथेच, जिथे तो सापडला तिथे, बसू दिलं. कधी कधी तेवढ्या वेळात बूट निघतात.