चाचांचा आराम

"तुम्ही बसा मास्तर, मी उभाच बरा," असं म्हणून चाचा मला आपली जागा द्यायचे आणि खांबाला पाठही न टेकता गप्पा मारायचे. लग्नात हे गृहस्थ कायम वाढायला उभे. त्यांना जेवायला बसवायचं तर दोघांनी धरून बसवावं लागे. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसला तर गल्ली बदला.

नेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते फिटर होते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की होळीपर्यंत तेलाचा डबा घेऊन यंत्रांच्या रांगेतून त्यांच्या येरझारा चालत. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. माल येईना, आणि एका हंगामात जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. तरी चाचा रोज सकाळी तिथवर चालत जात. "मशीन पाहून येतो," म्हणायचे. बंद फाटकातून त्यांना काय दिसायचं कोण जाणे.

पोराला हे बघवेना. बसस्टँडजवळ त्याचं मोटारसायकली दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याने हात असलेली खुर्ची आणून दारात सावलीला ठेवली. "अब्बा, जिंदगीभर खडे रहे. अब आराम करो." पाणी, पेपर, चहा सगळं हाताशी. एकदा चाचा गिऱ्हाइकाच्या गाडीत हवा भरायला उठले तर पोरगा कळवळला. "लोग क्या बोलेंगे अब्बा? बाप से काम कराता बोलेंगे!"

गल्लीने पोराचं कौतुक केलं. आम्ही सेवेचे भारी भोक्ते. म्हाताऱ्याला तांब्याही उचलू द्यायचा नाही, मग तोच उचलून न्यायच्या लायकीचा झाला तरी चालेल.

हळूहळू चाचांचे पाय सुजायला लागले. चपला चढेनात. "पहा मास्तर, या उमरीत पाय वाढून राह्यले माहे," म्हणून हसले. पुढे उठायला दोन्ही हातांचा रेटा लागू लागला, मग पोराचा खांदा.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "गुडघे ठीक आहेत. बसून बसून पायांतली ताकद गेली. चालवा यांना, घरातली कामं करू द्या." पोराला ते फार लागलं. "मी का बापाले राबवू?" येताना त्याने टॉनिकची बाटली आणि खुर्चीसाठी जाड गादी आणली.

मी चाचांना कोपऱ्यापर्यंत चला म्हणायचो. ते आत काम करणाऱ्या पोराकडे बघत. "त्याले वाईट वाटते हो. एवढं करून राह्यला माह्यासाठी."

मग जिनिंगची यंत्रं भंगारात निघाली. ट्रक बसस्टँडवरूनच जाणार होता. तो वळणावर दिसताच चाचांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, अर्धे उठले, मांड्या थरथरल्या आणि परत खाली बसले. "मास्तर, मले उभं करा. बसून कसा पाहू?" मी बगलेत हात घातला, तेवढ्यात चारजण धावले. "चाचा, बैठो बैठो, गिर जाओगे!" मायेनेच दाबून बसवलं त्यांना. आणि मग ट्रक बघायला सगळे त्यांच्याच पुढे उभे राहिले. चाचांना लोकांच्या पाठी दिसल्या. ट्रक गेला. ते गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत आवाज न करता रडत होते. मला त्या वेळी सगळ्या गावाचा संताप आला.

त्यानंतर त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही. हिवाळ्यात अंथरूण धरलं, छातीत कफ भरला आणि गेले.

चाळिसावा दिवस झाल्यावर गॅरेजवरून जात होतो. खुर्चीत चाची बसल्या होत्या. पहाटेपासून घर झाडून, पाणी भरून, गल्लीभर फिरणारी ती बाई. मला बघून उठायला लागल्या, तर पोराने हलकेच खांदा धरून त्यांना परत बसवलं. त्याचे डोळे अजून लाल होते.

"अब्बाच्या खिदमतीत काहीतरी कमी राह्यली, मास्तर," तो म्हणाला. "अम्मीले तं मी जागचं हलूच देनार नाही."