खैरुद्दीनचा झेंडू आणि शोभनाभाबींची तुळस

बागकामात आपलं चुकू शकतं, हे खैरुद्दीनला मान्यच नव्हतं. म्हसळ्याहून दुबईला येऊन अठरा वर्षं झाली होती. अल क्वोजच्या एका लँडस्केपिंग कंपनीत असताना टॉवरांच्या दारात त्याने फुलांचे असे गालिचे अंथरले होते, की लोक गाड्या थांबवून फोटो काढत. गोंडेदार झेंडू, दुहेरी पेटुनिया, आणि किडा दिसला रे दिसला की फवारा!

२००९मध्ये मंदीने त्या कंपनीला टाळं लावलं. सिलिकॉन ओएसिसमधल्या एका लहानशा व्हिला कंपाउंडचा मॅनेजर सुजीत याने त्याला ठेवून घेतलं, पण तात्पुरतं.

"रहिवाशांना भाजीचा वाफा हवाय. मार्चपर्यंत वांगी दाखव, मग व्हिसाचं बघू. नाहीतर खलास," सुजीतने बजावलं.

वांगी! खैरुद्दीनला हसूच आलं. हे तर त्याच्या डाव्या हातचं काम. जानेवारीत रोपं कमरेला लागली, जांभळ्या फुलांनी डवरली, आणि फुलं पटापट गळून पडली. फळ एक धरेना. त्याने खत बदललं, पाणी बदललं. वाफा निदान देखणा तरी दिसावा म्हणून कडेने आपला लाडका झेंडूही लावला. हसू केव्हाच पळालं होतं. गावी बायको ताजबी आणि तीन मुलं होती. कायमचं परतून त्यांना काय खाऊ घालणार?

त्याच सुमारास सात नंबरच्या व्हिलातल्या शोभनाभाबी भाचीच्या लग्नाला महिनाभर पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी अंगणातली तुळस त्याच्या हवाली केली. "पाणी रोज. आणि मंजिऱ्या खुडत जा हं, खैरुद्दीनभाई, नाहीतर तुळस वाळते." पाणी त्याने घातलं. मंजिऱ्यांचं साफ विसरला.

तीन आठवड्यांनी सकाळी पाहतो तर तुळस मंजिऱ्यांनी भरलेली, आणि तिच्यावर काळे कुळकुळीत भुंगे घुमताहेत. त्यातला एक उडाला आणि थेट वांग्याच्या फुलाला जाऊन लोंबकळला. त्याने असा काही गुंजारव केला, की फूल थरथरलं आणि भुंग्याचं पोट पिवळं झालं. खैरुद्दीनच्या हातातला पाइप त्याच्याच बुटात पाणी ओतत राहिला.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. वांग्याच्या फुलात पराग असतो, मध नसतो. भुंगा पोट भरायला येणार तुळशीवर, आणि जाता जाता वांग्याचं काम करणार. त्याने झेंडूचं एक टपोरं फूल अंगठ्याने उलगडलं. आत पाकळ्याच पाकळ्या; ना मध, ना पराग. अठरा वर्षं आपण या जिवांपुढे नुसती रिकामी ताटं सजवून मांडली, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याच दिवशी त्याने झेंडू उपटला आणि तिथे सब्जा, तीळ आणि साधं सूर्यफूल पेरलं. फवाऱ्याचा पंप कोपऱ्यात गेला.

शोभनाभाबी आल्या त्या सरळ तुळशीकडे.

"हे काय, खैरुद्दीनभाई! एक काम सांगितलं होतं!"

"भाबी, खुडू नका! प्लीज!" तो धावत आला आणि त्याने सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे माझी तुळस वाळू दे, तुमची वांगी पिकू देत?"

"मंजिऱ्या अर्ध्या तुमच्या, अर्ध्या भुंग्यांच्या. सुकायला लागल्या की मी खुडेन. जबान देतो."

भाबींनी कपाळावर हात मारला, पण अर्ध्या मंजिऱ्या ठेवल्या.

मार्चमध्ये सुजीत पाहणीला आला. झाडाझाडाला वांगी लटकत होती. तो खूश होऊन वाकला, तोच एक भुंगा कानाशी घोंगावला, आणि मॅनेजरसाहेब तीन पावलं मागे!

"अरे, पोरं खेळतात इथे! आजच्या आज स्प्रे मार."

खैरुद्दीनने हो म्हटलं असतं तर व्हिसा खिशात होता.

"नाही मारणार, सर. कोणी धरलं नाही तर ते काही करत नाहीत. आणि ही वांगी त्यांनीच धरवलीत. मी फक्त पाणी घातलं."

"मग तुला कशाला ठेवू?"

"त्यांना काय खायला लागतं, ते मला कळलंय म्हणून."

सुजीतने वाकून एक वांगं तोडलं. म्हणाला, "उद्या पासपोर्ट घेऊन ऑफिसला ये."