लॅमिनेट केलेलं वॉरंटी कार्ड

वडिलांना कागदांचा भारी सोस. सरकारी कचेरीत तीस वर्षं लोकांचे अर्ज 'शिक्का नाही' म्हणून परत पाठवलेला माणूस तो. निवृत्त झाल्यावर घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद ते लॅमिनेट करून आणत. रेशन कार्ड, माझ्या मार्कलिस्टा, एकदा तर गॅसची पावतीसुद्धा.

बहीण आयटीतल्या नोकरीसाठी अमेरिकेला गेली आणि त्याच वर्षी वडिलांचे कान गेले. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. तो ऐकू यावा म्हणून बुधवार पेठेतल्या एका दुकानातून कानाचं मशीन घेतलं. पहिल्या रविवारी तिचा आवाज नीट ऐकू आला तेव्हा ते चक्क रडले, आणि वर सर्दीचं नाव पुढे केलं.

पाचव्या महिन्यात मशीन बंद पडलं. वॉरंटी वर्षाची होती, म्हणून आम्ही निर्धास्त दुकानात गेलो. दुकानदाराने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्याचा खालचा तुकडा दुकानाचा शिक्का मारून, फाडून कंपनीला पाठवायचा होता. वडिलांनी अख्खं कार्डच लॅमिनेट केलेलं.

"काका, जपलंय मात्र छान," दुकानदार म्हणाला. "आता फ्रेम करून भिंतीवर लावा."

भांडायला हवं होतं त्याच्याशी. मी डाफरलो वडिलांवर, तेही चारचौघांत. "कोणी सांगितला होता हा उपद्व्याप?"

"चूक माझी आहे. नियम तो नियम," ते म्हणाले. नवं मशीन त्यांनी घेऊ दिलं नाही. मीही फार आग्रह धरला नाही, याची आज लाज वाटते.

त्यानंतर रविवारी ते रिसीव्हर कानाला लावून अंदाजाने बोलत. "इकडे सगळं ठीक आहे. तू काळजी करू नकोस." मशीनचं बहिणीला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती.

त्याच हिवाळ्यात ते गेले. तेराव्यानंतर मी त्यांची फाइल आवरत होतो, तेव्हा भेटायला आलेले ओळखीचे वकील म्हणाले, कार्डाचा तुकडा पाठवला नाही म्हणून हक्क जात नाही. खरेदीचं बिल पुरतं. मशीन दुरुस्त करून द्यावंच लागलं असतं.

बिल त्याच फाइलमध्ये होतं. तेही लॅमिनेट केलेलं.

मग दिवसकार्यासाठी अमेरिकेहून आलेल्या बहिणीला मी सगळं सांगितलं. तिने ते बिल माझ्या हातून घेतलं.

"शेवटच्या फोनवर मी त्यांना तीनदा विचारलं होतं," ती म्हणाली, "बाबा, मी येऊ का?"