फोन वाजण्याआधीची खरखर

घराच्या मागच्या खोलीत मी लोकांची गाणी रेकॉर्ड करतो. तिथे एकच नियम आहे: आत येताना मोबाइल स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवून यायचं. कारण फोन येणार असला की तो वाजण्याआधीच यंत्रांतून टर्र-टर्र-टर्र अशी खरखर उमटते आणि छान जमलेला टेक वाया जातो.

साताऱ्याला दादाकडे आईनं अंथरूण धरलं, तेव्हापासून हा नियम मीच मोडतोय. फोन माझ्या हाताशीच असतो.

काल नंदाताई अंतरा गात होत्या आणि हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली. त्या थांबल्या.

"गेला ना टेक?"

मी नुसता हात वर केला. आईचं त्यांना ठाऊक होतं, त्या गप्प झाल्या. खरखर थांबली, पण फोन अजून वाजायचा होता. इतरांना बातमी कळते ती फोन उचलल्यावर. मला मात्र ती आधीच दाराशी येऊन उभी राहिलेली ऐकू येते. बरी की वाईट, एवढंच कळत नाही.

फोन वाजला. दादा होता. "अरे, आईनं आज अर्धी भाकरी खाल्ली."

संध्याकाळी तो टेक पुसण्याआधी एकदा ऐकला. खरखर संपल्यापासून रिंग वाजेपर्यंत दोन सेकंद काहीच नाही. नंदाताईंचा श्वास नाही, माझाही नाही. शांततेसाठी मी पंखा बंद ठेवतो, फ्रिज बंद करतो, खिडकीला गादी लावतो. तरी इतकी स्वच्छ शांतता या खोलीत आजवर मिळाली नव्हती.

मला ती दुसऱ्यांदा ऐकवेना.