फेरमोजणी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मोजणीवाल्या मॅडमची नक्कल करून मी हशा मिळवला होता, आणि खरी गोष्ट गिळून टाकली होती. आता पंचाहत्तरी जवळ आली. अजून किती गिळायचं?

तुम्ही-आम्ही कुणी भेटलं की नमस्कार म्हणतो. त्या उघडा तळवा पुढे करायच्या आणि विचारायच्या, “लोखंड?”

मग किल्ल्या, घड्याळ, पट्टा, मोबाइल, सगळं त्यांच्या कापडी पिशवीत टाकायचं. त्यांच्या स्वतःच्या अंगावर टाचणीसुद्धा नसायची. चष्मा प्लॅस्टिकचा, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात काचेच्या दोन बांगड्या.

कल्याणपलीकडे खाडीलगतच्या शेतांतून आमच्या खात्याचा रस्ता आखला होता. खणण्याआधी जमिनीखाली काही जुनं आहे का ते तपासा, अशी अट होती. त्यासाठी त्या डोंबिवलीहून यायच्या. जमिनीतलं चुंबकत्व मोजणारं, जवळ लोखंड आलं की भलतंच दाखवणारं दोन नळ्यांचं यंत्र पुढे धरून, दोरीच्या कडेने एका चालीत चालायच्या; टोकाला वळायच्या, पुन्हा चालायच्या. मी साइटवरचा उपअभियंता. बघून बघून वैतागायचो. ठाण्याहून मोठ्या साहेबांचा रोज फोन यायचा, “काय हो, तुमच्या बाईंच्या प्रदक्षिणा संपल्या का?”

बांधावरून एक म्हातारा रोज ओरडायचा, “सोनं गावलं का गो बाय?”

“सोनं माझ्या यंत्राला दिसतच नाही, काका. लोखंड नाहीतर भाजलेली माती, एवढंच दिसतं.”

“मंग कशाला ऊन खातंस?”

त्या खळखळून हसायच्या आणि पुन्हा चालू लागायच्या.

आठवड्याने त्यांनी मला नकाशा दाखवला. करड्या कागदावर तीन काळी वर्तुळं, एका ओळीत. त्यांनी एकेका वर्तुळावर बोट ठेवलं. “साहेब, भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी असणार. फार जुन्या. आठ दिवस द्या, हाताने खणून बघू.”

ठाण्याहून उत्तर आलं, वीटभट्टीचा कचरा असेल. फेरमोजणी करा. तेच दिसलं तर आठ दिवस, नाहीतर जेसीबी.

फेरमोजणीच्या दिवशी दोरी धरणारा माणूस आला नाही. मीच धरतो म्हणालो.

“लोखंड?”

मी किल्ल्या दिल्या, पट्टा दिला.

“बूट?”

“साधे आहेत.”

साधे नव्हते. पुढे पोलादी वाटी असलेले, साइटवरचे सेफ्टी शूज होते. पण डाव्या मोज्यातून अंगठा पूर्ण बाहेर आला होता, आणि ठेकेदाराची दोन माणसं समोर उभी होती. एवढंच कारण. दिवसभर मी दोरी ताणून त्यांच्या बाजूने चाललो.

नवा नकाशा ओरखड्यांनी भरून आला. वर्तुळांचा पत्ता नाही.

ठाण्यातल्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, “मॅडम, यंत्र बिघडलंय की तुम्ही?” सगळे हसले. मीही हसलो. कागद पडला म्हणून वाकलो, तर टेबलाखाली माझेच बूट दिसले. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अजून शेतात एक फावडंही लागलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

साहेबांनी विचारलं, “तुम्ही हजर होतात. तुमचं मत?”

मी म्हणालो, “फेरमोजणी ग्राह्य धरावी.”

मॅडमनी दोन्ही नकाशे गुंडाळले. कुणाकडे बघितलं नाही.

जेसीबीच्या तोंडी तिसऱ्या दिवशी लाल कड्या आल्या. एकावर एक रचलेल्या, तडकलेल्या. चालक खाली उतरला. “साहेब, कुंड्या आहेत का या?” थांबवायला मी हात वर केला, आणि त्याच हाताने घाम पुसला. दुपारपर्यंत सगळं डंपरमध्ये गेलं. मी कुणाला कळवलं नाही. एक तुकडा मात्र डब्याच्या पिशवीतून घरी आणला. ज्या रस्त्याची एवढी घाई होती, त्यावर आजही गाड्या तासन्‌तास तुंबतात.

पुढे एकदा त्या कल्याणला बाजारात भेटल्या. मोजणीचं काम सोडलं होतं, शिकवण्या घेत होत्या. माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा बघून त्यांनी हसत तळवा पुढे केला. मग म्हणाल्या, “अजून मी ते दोन नकाशे काढून बसते. फेरमोजणीत माझंच काहीतरी चुकलं. तुमचा वेळ घालवला, साहेब. माफ करा.”

त्या माझी माफी मागत होत्या. मी म्हणालो, “चहा घेऊ या का?” त्यांना शिकवणीला उशीर होत होता.

यंदा तो तुकडा रुमालात बांधून डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढताना एकच वाक्य घोकत होतो. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. मागे भिंतीवर हार घातलेला फोटो होता, प्लॅस्टिकच्या चष्म्यातला.

“आपलं काय काम होतं?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि रुमाल खिशात तसाच ठेवून खाली उतरलो.

मॅडम, लोखंड माझ्या बुटांत होतं. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. मला माफ करा.