हनुवटीवरचे ठिपके

धाकट्या भावाने परदेशात बसून इंटरनेटवर आमच्या घराचं पान काढायचं ठरवलं आणि जुने फोटो गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शोधायचं, मोजायचं, गुंडाळून ठेवायचं काही असलं की घरात माझंच नाव निघतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात स्कॅनर कुणाकडे आहे, हे शोधण्यातच माझे दोन रविवार गेले. शेवटी लग्नपत्रिका जुळवणारा एक डीटीपीवाला सापडला.

त्याच्यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून प्रत्येक फोटोच्या मागे मी पेन्सिलीने बारीक आकडा घातला. ज्यांचे फोटो आणले त्यांचा माझ्यावर तरी कुठे होता? असोद्याच्या चुलतभावाने केळीच्या बागेतला फोटो हातात ठेवताना विचारलंच, "वावर दिसायला पाहिजे असं त्यानं सांगितलं का? वाटणीचं काही काढलंय का तिकडे बसून?"

"वावर नको, तुझं तोंड हवंय," मी म्हटलं.

"तोंडाचं काय करणार तो?" म्हणाला, आणि फोटो पुन्हा एकदा नीट बघून मगच दिला.

सगळ्यात कठीण गड धुळ्याची आत्या. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, एकच फोटो होता आणि तो आत्याकडे होता. आई गेल्यावर तिने माहेरी जाणं सोडलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. आत्या त्या दिवशी फोटो पाटावर ठेवायची, त्याला कुंकू लावायची आणि समोर बसून पुरणपोळी खायची. तेच तिचं माहेर.

"आखाजीच्या आधी आणून देते," मी शब्द दिला.

"दुसरा फोटू मोठा कराले म्हनीसन एक जन असाच लई गया व्हता," ती म्हणाली. "तो अजून यी ऱ्हायना."

पंधरवड्याने भावाने ते पान रंगीत कागदावर छापून टपालाने पाठवलं. स्कॅन केलेले फोटो त्याच्याकडे पोचले होते, पण मूळ फोटो अजून दुकानातच होते. दुकानदार रोज 'उद्या या ताई' म्हणत होता, आणि ते मला खटकत होतं. तरी आत्या खूश होईल म्हणून कागद घेऊन मी धुळ्याला गेले. तिने तो खिडकीशी नेला. बराच वेळ बघितला.

"हाई मन्ही माय नही. हाई तं मावशी शे."

मी हसले. ती हसली नाही.

"फोटू कोनी बदला?"

आजी आणि तिची धाकटी बहीण दिसायला सारख्या, हे मी ऐकून होते. मला वाटलं, आत्याची नजर गेली. मग वाटलं, दुकानदाराने फोटो हरवला आणि दुसराच कुणाचा तरी चिकटवला. परतीच्या एसटीत दुसरी शंका पहिलीपेक्षा मोठी होत गेली. आत्या शेजारच्या सीटवर बसली होती. मला एकटीला पाठवायला ती तयारच नव्हती.

दुकानात दुकानदाराने पाकीट काढलं. माझा आकडा मागे होता, फोटो तोच होता. आत्याने आकडा बघितलाच नाही. तिने फोटोतल्या आजीच्या हनुवटीवर बोट टेकवलं. तिथे तीन ठिपके होते, कपाळावर एक. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं.

"ते डाग ना?" दुकानदार आनंदाने म्हणाला. "सगळे काढले मी. फार बारीक काम होतं, आजी. चेहरा कसा स्वच्छ झाला बघा!"

"पोऱ्या, गोंदनले डाग म्हनस का?" आत्याने स्वतःची हनुवटी पुढे केली. तिथेही तेच तीन ठिपके. "मायनी गोंदी लिधं. मावशी रडत पळी गयी व्हती. तू मायनी मावशी करी टाकी!"

तो कधी आत्याच्या हनुवटीकडे, कधी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परत स्कॅन करतो. यावेळी काहीच साफ करणार नाही."

आत्याने फोटो त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच स्कॅनरच्या काचेवर ठेवला आणि कोपरा बोटाने धरून ठेवला. झाकण पूर्ण बसेना.

"आजी, बोट येतंय."

"येऊ दे."

ते बोट भावाच्या पानावर तसंच गेलं.

स्टँडवर धुळ्याची गाडी लागायची होती. आत्याने फोटो उलटा केला आणि पहिल्यांदाच मागची बाजू बघितली. "हाई काय लिखेल शे?"

"आकडा. बदलू नये म्हणून मी घातला."

तिने अंगठ्याला थुंकी लावली आणि आकडा पुसून टाकला. "मन्ही मायले नंबर नको," म्हणाली, आणि फोटो पदरात गुंडाळून गाडीत चढली. आखाजी परवावर आली होती.