आठवं पाणी

दुष्काळी माणदेशातल्या माणसाला चांगलं पाणी गटारात ओतायला लावणं म्हणजे कंजूष सासऱ्याला जेवणावळीत तूप वाढायला उभं करणं. हात पुढे जातो, जीव मागे राहतो. ज्योतीराम विरकराला चिंचवडच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात नेमकं हेच काम मिळालं, १९५५च्या सुमारास.

तेलाचं घट्ट तूप व्हायचं तर त्यात निकेलची काळी पूड आणि हायड्रोजन लागतो. ही पूड आधी हिरवागार गाळ असते. तो गाळ लाकडी पिंपात आठ पाण्यांनी धुवायचा, मग वाळवून भाजायचा. धुण्याचं कारण केमिस्ट नानासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : "निकेलच्या ज्या मिठापासून हा गाळ करतो ना, त्यात गंधक असतं. ते राहिलं की निकेल बिघडलं."

ज्योतीराम असा मन लावून धुवायचा की नानासाहेब तपासणीची बाटली घेऊन यायचेच बंद झाले. "ज्योतीराम धुतो ना? मग बघायला नको."

पण आठवं पाणी नितळ निघायचं. तळ दिसायचा! दहिवडीला असल्या पाण्यासाठी त्याची आई कोस-दीड कोस चालली होती. एके दिवशी त्याने ते गटारात सोडलं नाही, दुसऱ्या पिंपात भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या धुण्याला वापरलं. तेच पुन्हा भरलं. तेच तिसऱ्या दिवशी. असा महिना गेला. घरी बायकोला, मंजुळाबाईला, त्याने ही अक्कल सांगितली, तर ती म्हणाली, "एकाच पान्यानं रोज भांडी विसळली तर ती निघत्याल का वो?"

"भांडी येगळी, निकेल येगळं," ज्योतीराम म्हणाला.

मग तूप बिघडलं. दिसायला पांढरंशुभ्र, पण पुरी खाल्ली की टाळूला मेणाचा लेप. दुकानदारांची पत्रं आली. नानासाहेबांनी तूप तपासलं, पुन्हा तपासलं, आणि हायड्रोजनच्या टाकीवरच्या भैरूला बोलावलं. भैरू चाकणकडचा, शेती करून कामाला येणारा. तोही ज्योतीरामासारखा अजून कायम झालेला नव्हता.

"गॅसमधनं गंधक आलंय," नानासाहेब म्हणाले. "तू गाळणी बदलली नाहीस."

"बदलली, सायेब! आईची आन हाय!"

"मग तूप दगडासारखं कसं? ऐक. तेलातली आम्लं अंगानं वाकडी असतात, म्हणून एकमेकांना खेटून बसत नाहीत. तेल पातळ राहतं. चांगलं निकेल त्यांना हायड्रोजन जोडून देतं. गंधक लागलेलं निकेल आळशी होतं. जोडायचं राहिलं बाजूला, नुसतं वाकड्याला सरळ करून सोडून देतं. आणि ही सरळ झालेली काठीला काठी लागून मोळीसारखी बसतात. हायड्रोजन कमी आणि तूप जास्त घट्ट! कळलं?"

"वाकडी व्हती तीच बरी म्हना की," भैरू पुटपुटला.

"तेवढं कळलं ना? मग उद्यापासून कामावर येऊ नकोस."

बाजूला ज्योतीराम गाळ ढवळत होता. गंधक हा शब्द ऐकला आणि त्याचा हात थांबला. गॅस कशाला, गंधक तर त्याच्या मागच्या पिंपात नितळ होऊन बसलं होतं! बोलावं तर स्वतःची भाकरी जाणार. न बोलावं तर भैरूची. भैरू टोपी झटकून दाराकडे निघाला.

"सायेब," ज्योतीराम म्हणाला, "त्येची गाळनी सोडा. माझं पानी बघा."

सगळं ऐकून नानासाहेबांनी पिंपातलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात तपासणीच्या बाटलीतले दोन थेंब टाकले. नितळ पाण्याचं ताक झालं. गंधकाचीच खूण.

"अरे, हे काय केलंस?"

"वतवंना, सायेब."

नानासाहेबांनी नळी खाली ठेवली. बाटलीच्या बुचावर बोटाने रेघ ओढता येईल एवढी धूळ होती, ती त्यांनी बघितली. मग खुर्चीत बसले. "भैरू, जा टाकीवर. ज्योतीराम, हे पाणी उद्यापासून पहिल्या धुण्याला वापर. चिखलाला चालेल. शेवटची दोन धुणी मात्र कोऱ्या पाण्याची हवीत, आणि आठवं पाणी या बाटलीने तपासायचं. तू स्वतः. वरच्यांना मी लिहितो की महिनाभर मी तपासलं नाही."

"आनि मी?"

"तू काय? दुसरा आणला तर तो गाळ धुवायला शिकेपर्यंत माझी पेन्शन येईल."

भैरू दारातून परत फिरला. दोन दिवस ज्योतीरामाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसला आणि आपल्या भाकरीवरचा ठेचा त्याच्या भाकरीवर ठेवला.

"खा, माणदेशी," तो म्हणाला. "तिखट हाय. पानी लागंल."